निकाल राखून ठेवला आहे

(हिंगोली जिल्ह्यातील एका विहारात वर्षावासाच्या काळात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर. व्याख्यात्याने तो वाचकांसाठी स्वतः लिहून दिला आहे.)



विहाराच्या मंडळींनी मला आज गायरान जमिनीच्या हक्कांवर बोलावयास सांगितले होते. त्या विषयाची टिपणे माझ्या पिशवीत आहेत. परंतु गेले दहा दिवस माझे मन त्या टिपणांवर ठरत नाही, आणि मन ज्या विषयावर नाही त्यावर तासभर बोलणे ही ऐकणाऱ्यांची फसवणूक होय. म्हणून मंडळींची परवानगी घेऊन मी आजचा विषय बदलला आहे. गायरानाचे पुढील पौर्णिमेस पाहू.

कारण सरळ सांगून टाकतो. माझ्या डाव्या गालाच्या आतल्या बाजूस, खालच्या दाढेजवळ, एक पांढरा चट्टा कित्येक महिन्यांपासून होता. तिखट लागले की तो झोंबत असे. पुढे त्याच्या कडेला लालसर, खरखरीत भाग दिसू लागला. दहा दिवसांपूर्वी नांदेड येथे डॉक्टरांनी त्या जागेचा तुकडा काढून तपासणीस पाठविला. आठव्या दिवशी मी दूरध्वनी केला, तेव्हा ‘आणखी खोलवरचे काप घेतले आहेत, येत्या गुरुवारी या’ असे उत्तर मिळाले. म्हणजे आज तुमच्यासमोर उभा असलेला हा मनुष्य निरोगी आहे की कर्करोगी आहे, हे त्याला स्वतःलाच ठाऊक नाही.

ही गोष्ट चारचौघांत का सांगतोस, असे माझ्या थोरल्या बहिणीने विचारले. आपल्या वस्त्यांमध्ये या रोगाचे नाव दबक्या आवाजात घेतले जाते. ‘त्याला तसलं काहीतरी झालंय’ एवढेच बोलतात. ज्या दुःखाचे नाव घ्यावयाचे नाही, त्याचा उपाय तरी कोणास विचारावयाचा? शिवाय मी पंधरा-पंधरा वर्षे चाललेल्या दाव्यांतून लोकांना धीर देण्याचे पैसे घेतो. तो धीर माझ्याजवळ खरोखर किती आहे, हे या दहा दिवसांत मला कळले. त्याची जाहीर कबुली देणे उचित वाटते.

न्यायालयात युक्तिवाद संपला की न्यायाधीश ‘निकाल राखून ठेवला आहे’ असे सांगून उठतात. त्या क्षणी माझा पक्षकार माझ्या कोटाची बाही धरतो आणि विचारतो, ‘साहेब, त्यांच्या चेहऱ्यावरून काय वाटलं?’ वीस-एकवीस वर्षे मी या प्रश्नावर हसत आलो. चेहऱ्यावरून निकाल कळत नसतो, असे समजावीत आलो. आणि त्या दिवशी नांदेडला तुकडा बाटलीत टाकणाऱ्या परिचारिकेच्या चेहऱ्याकडे मी असा टक लावून पाहिला, की ती बिचारी विचारू लागली, ‘काका, चक्कर येते का?’ परतीच्या बसमध्ये वसमतपर्यंत मी तिच्या त्या एका वाक्याचा अर्थ लावीत होतो. तिने मला काका का म्हटले? दया आली म्हणून तर नव्हे? माझे केस पांढरे झाले आहेत, एवढे साधे कारण मला सुचले नाही.

या अवस्थेत मनुष्य चिन्हे शोधू लागतो. अहवाल लवकर आला तर वाईट, उशिरा आला तर अधिक वाईट. डॉक्टर हसले तर ते लपवीत आहेत, हसले नाहीत तर संपलेच. मी न्यायाचा अभ्यास केलेला माणूस, पुराव्यावाचून एक पाऊलही टाकू नये असे शिकलेला. आणि रात्री तीन वाजता पुतण्याचा मोबाईल घेऊन गालातल्या चट्ट्यांची चित्रे पाहत बसलो. चित्रे पाहून कोणासही निदान होत नाही. झोप मात्र जाते.

शेवटी मी माझ्या सवयीप्रमाणे प्रक्रिया समजून घेण्याचे ठरविले. कारण भीतीचा मोठा भाग हा अज्ञात दप्तरदिरंगाईच्या भीतीसारखा असतो. अर्ज कोणत्या टेबलावर पडला आहे हे कळले की मनुष्य निम्मा शांत होतो. तुमच्यापैकी कोणाच्या घरी उद्या हा प्रसंग आला तर उपयोगी पडावे म्हणून, त्या तुकड्याचे पुढे काय होते ते जरा विस्ताराने सांगतो.

शरीरातून काढलेला तुकडा प्रथम फॉर्मॅलिनच्या पाण्यात ठेवतात. तो सडू नये, पेशी जशाच्या तशा राहाव्यात, म्हणून हे करावयाचे. हे द्रावण तुकड्यात आतपर्यंत मुरावयास कित्येक तास लागतात, मोठा तुकडा असेल तर दिवसही लागतो. नंतर निरनिराळ्या तीव्रतेच्या अल्कोहोलमधून नेऊन त्यातील पाणी काढतात, झायलीनमधून नेतात आणि वितळलेल्या मेणात बसवितात. मेण गोठले की लहानसा ठोकळा तयार होतो. त्या ठोकळ्याचे यंत्राने इतके पातळ काप घेतात की त्यांची जाडी तीन ते पाच मायक्रॉन भरते. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. हे काप काचपट्टीवर घेऊन त्यांना निळा-जांभळा व गुलाबी असे दोन रंग चढवितात आणि मग विकृतिशास्त्रज्ञ डॉक्टर सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. पेशींची रचना बिघडली आहे काय, बिघडलेल्या पेशी वरच्या थरातच आहेत की खाली उतरल्या आहेत, हे ते पाहतात. पहिल्या कापात उत्तर स्पष्ट दिसले नाही तर त्याच ठोकळ्यातून आणखी खोलवरचे काप घेतात. कधी विशेष रंग अथवा विशेष चाचण्या कराव्या लागतात. स्तनाच्या गाठीच्या बाबतीत तर कोणते औषध लागू पडेल हे ठरविण्यासाठी त्या करतातच. हाडाचा तुकडा असेल तर त्यातील चुना आधी विरघळवावा लागतो.

हे सारे वाचल्यावर मला एक गोष्ट उमगली. विलंब म्हणजे वाईट बातमी नव्हे. विलंब म्हणजे चांगली बातमी असेही नव्हे. ‘खोलवरचे काप घेतले’ याचा अर्थ एवढाच, की कोणी तरी माझ्या तुकड्याकडे दुसऱ्यांदा पाहत आहे. घाईने दिलेल्या निकालापेक्षा फेरतपासणी करून दिलेला निकाल मी न्यायालयात नेहमीच पत्करला आहे. येथे तो का पत्करू नये?

येथेच दोन गैरसमजांचा उल्लेख करतो, कारण ते मी या दहा दिवसांत आपल्याच माणसांकडून ऐकले. एक असा की, गाठीला सुई अथवा चाकू लागला की रोग पसरतो. या भीतीने कित्येक माणसे तपासणीच टाळतात, आणि रोग पसरतो तो त्या टाळाटाळीच्या महिन्यांत. दुसरा असा की, तुकडा पाठविला म्हणजे कर्करोग ठरलाच. तसे असते तर तुकडा पाठवावयाचाच कशाला? स्त्रियांच्या स्तनातील बहुसंख्य गाठी कर्करोगाच्या नसतात. तोंडातील पांढरे चट्टेही बहुतेक वेळा कर्करोग नसतात. मात्र काहींचे पुढे त्यात रूपांतर होते, म्हणूनच ते तपासावयाचे. आणि अहवालात ‘निगेटिव्ह’ असा शब्द आला की घरात रडारड सुरू होते, असेही मी पाहिले आहे. या ठिकाणी निगेटिव्ह म्हणजे जे शोधले ते सापडले नाही, एवढाच त्याचा अर्थ.

आता माझ्या आईविषयी बोलले पाहिजे. ते टाळून हा विषय पुरा व्हावयाचा नाही.

२००४ च्या उन्हाळ्यात मी नुकतीच सनद घेतली होती. माझी आई सेनगाव तालुक्यात मजुरीने जात असे. कापूस वेचणे, हळद शिजविणे, जे मिळेल ते. तिला वर्षभर अंगावरून रक्त जात होते. पाळी बंद झालेली बाई. तिने ते कोणासही सांगितले नाही. मला सांगावयाचे तर मी मुलगा, सुनेला सांगावयाचे तर ती नवी. शेवटी ती हळदीच्या कढईजवळ चक्कर येऊन पडली तेव्हा कळले. एका मोठ्या रुग्णालयात नेले. तेथे गर्भाशयाच्या मुखाचा तुकडा काढला आणि ‘पुढच्या आठवड्यात या’ असे सांगितले.

पुढच्या आठवड्यात गेलो. अहवाल आला नव्हता. त्याच्या पुढच्या आठवड्यात गेलो. नोंदवहीत नाव सापडेना. तिसऱ्या खेपेस खिडकीपलीकडील माणसाने वहीकडे न पाहताच ‘नाही आला, आला की कळवू’ असे सांगितले. कळवू म्हणजे कसे, आणि कोणास, हे मी विचारले नाही. प्रत्येक खेपेस दोन माणसांचे भाडे, एका दिवसाची मजुरी, आणि आईचा तो पदर तोंडावर ओढून बाकड्यावर बसलेला देह. चौथ्या खेपेस तिनेच नकार दिला. ‘काही असतं तर त्यांनी बोलावलं असतं,’ ती म्हणाली. मलाही ते पटले, कारण मला ते पटवून घ्यावयाचे होते. अडीच महिन्यांनी त्रास वाढला म्हणून पुन्हा गेलो, तेव्हा एका तरुण महिला डॉक्टरने स्वतः उठून कपाट उघडले आणि अहवाल काढून दिला. त्यावरील तारीख आमच्या दुसऱ्या खेपेच्याही आधीची होती. नावात एक मात्रा चुकली होती, म्हणून तो तेथे पडून राहिला.

आई पुढच्या वर्षी गेली. अडीच महिने आधी उपचार सुरू झाले असते तर ती वाचली असती, असा दावा मी करीत नाही. रोग पुष्कळ वाढलेला होता. परंतु ज्या मनुष्याने कायद्याची पदवी घेतली, सनद घेतली, संविधानाच्या अनुच्छेद २१ वर परीक्षेत पाने भरून लिहिले, त्याला आपल्या आईच्या कागदासाठी खिडकीत हात घालून ‘वही इकडे करा, मी पाहतो’ असे म्हणता आले नाही, ही गोष्ट मी विसरू शकत नाही. खिडकीसमोर उभा राहिलो की मी वकील राहत नसे, माझ्या आजोबांचा नातू होत असे. तुमच्यापैकी अनेकांना हे समजेल.

आणखी एक अपराध माझ्या हातून घडला. अहवाल वाचल्यावर मी आईला खरे सांगितले नाही. ‘साधी सूज आहे, औषधाने जाईल’ असे म्हणालो. ती माझ्याकडे पाहत राहिली आणि म्हणाली, ‘तुझं तोंड वाचाया मला शाळा लागत न्हाई, बाळा.’ त्यानंतर ती मरेपर्यंत आम्ही दोघे एकमेकांसमोर खोटे बोलत राहिलो. तिला काय हवे होते, कोणाला भेटावयाचे होते, हे विचारण्याचा माझा मार्ग मी स्वतःच बंद केला होता.

नंतर कित्येक वर्षांनी मला कळले की ज्या काळात माझी आई हे लपवीत होती, त्याच काळात आपल्याच मराठवाड्यात, तत्कालीन उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात, याच रोगावर जगातील एक मोठा अभ्यास चालला होता. १९९९ साली तो सुरू झाला. मुंबईचे टाटा स्मारक केंद्र, बार्शीचे नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय आणि फ्रान्समधील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी तो केला. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ ग्रामीण स्त्रिया त्यात होत्या. २००९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले: एचपीव्ही या विषाणूची एकदाच केलेली तपासणीदेखील या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आणते. जगाने आपल्या मराठवाड्याच्या बायांकडून हे शिकावे, ही अभिमानाची गोष्ट आहे. परंतु याच अभ्यासात सुमारे ३१ हजार स्त्रियांचा एक गट तुलनेसाठी नेहमीच्या व्यवस्थेवर सोडला होता, त्यांची तशी तपासणी केली नव्हती, आणि त्यावरून पुढे नीतीचा मोठा वाद झाला. मला त्या वादात आज शिरावयाचे नाही. एवढेच म्हणतो की माझी आई कोणत्याच गटात नव्हती. सेनगाव तालुक्यातील बाई, कोणत्याही अभ्यासावाचून, आपोआपच त्या तपासणी न झालेल्या गटात होती.

तेव्हापासून पुष्कळ काही बदलले, हेही न्यायाने सांगितले पाहिजे. २०१२ साली औरंगाबाद येथे, ज्याला आता छत्रपती संभाजीनगर म्हणतात, शासकीय कर्करोग रुग्णालय सुरू झाले. त्याच वर्षी राज्यात राजीव गांधी जीवनदायी योजना आली. २०१७ पासून तिला महात्मा जोतीराव फुले यांचे नाव आहे, आणि वार्षिक विम्याची मर्यादा दीड लाखावरून पाच लाखांपर्यंत नेण्याचा निर्णय शासनाने २०२३ साली घेतला. २०२४ साली आपल्या हिंगोलीसही शासकीय वैद्यकीय महाविद्यालय मिळाले. माझ्या आईच्या वेळी यांपैकी काहीही नव्हते. खिडकी मात्र होती, आणि खिडकी अजूनही आहे.

भगवान बुद्धांनी दिलेला दोन बाणांचा दृष्टांत आपण या विहारात अनेकदा ऐकला आहे. शरीराला दुःख होणे हा पहिला बाण. त्या दुःखावर शोक, भय व तळमळ करून मनुष्य स्वतःच्या मनाला दुसरा बाण मारून घेतो. ज्याने आपले चित्त जाणले आहे त्याला पहिलाच बाण लागतो, दुसरा लागत नाही. या दहा दिवसांत मी या दृष्टांताचा पुष्कळ विचार केला. माझ्या गालाची जखम तर चार दिवसांत भरली. जे दुखते आहे ते सर्व दुसऱ्या बाणाचे आहे, हे मी तुम्हांला अनुभवाने सांगतो. शास्त्रज्ञही यास दुजोरा देतात. अमेरिकेत २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात स्तनाचा तुकडा तपासणीस दिलेल्या १२६ स्त्रियांच्या लाळेतील तणावद्रव्य मोजले. ज्यांना कर्करोग असल्याचे कळले होते आणि ज्यांना अद्याप काहीच कळले नव्हते, अशा दोघींच्या शरीरातील बिघाड सारखाच आढळला. म्हणजे न कळणे हे शरीराला वाईट कळण्याइतकेच जाचते. ही मनाची दुर्बलता नव्हे, देहाचा धर्म आहे. यासाठी स्वतःस भित्रा म्हणू नका.

परंतु या दृष्टांताचा एक सोईस्कर अर्थही केला जातो, आणि तो मला मान्य नाही. सहन करा, मन आवरा, दुःख तुमच्याच चित्तात आहे, असे गरिबाला सांगून मोकळे व्हावयाचे, हा तो अर्थ. माझ्या आईला लागलेला दुसरा बाण तिच्या चित्तातून आलेला नव्हता. तो खिडकीतून आला होता. आणि तिसरा बाण आला शेजारच्या ओट्यावरून. ‘मागल्या जन्मीचं काहीतरी असेल, नवस बोला, अंगारा लावा,’ असे सांगणारी माणसे तेव्हाही होती आणि आजही आहेत. गेल्या आठवड्यात माझ्याकडे एक वृद्ध गृहस्थ आले. धर्मांतराला इतकी वर्षे झाली तरी त्यांनी हळू आवाजात विचारले, ‘वकीलसाहेब, काही पाप आठवतं का?’ मी त्यांना सांगितले, ‘आठवतं. विधी महाविद्यालयाच्या वसतिगृहात असल्यापासून तंबाखूला चुना मळतो आहे.’ बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात पूर्वजन्मीच्या कर्माचा सिद्धांत का नाकारला, हे अशा वेळी कळते. रोगाच्या कारणाचा शोध मागल्या जन्मात लावला की या जन्मातील चुन्याची डबी सुरक्षित राहते, आणि या जन्मातील खिडकीही.

डबीचा विषय निघालाच आहे, म्हणून सांगतो. तुमच्यापैकी कित्येकांच्या खिशात या क्षणी ती आहे. हात वर करा असे मी म्हणत नाही. टाटा स्मारक रुग्णालय १९४१ साली निघाले तेव्हा तेथील प्रयोगशाळेची धुरा डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्याकडे होती. तंबाखूच्या सवयी आणि तोंडाचा कर्करोग यांचा संबंध त्यांनी त्या काळीच अभ्यासिला होता. म्हणजे माझा जन्म होण्यापूर्वीपासून हे ज्ञान मराठी माणसास उपलब्ध आहे. राज्यात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे. माजी उपमुख्यमंत्री आर. आर. पाटील २०१५ साली तोंडाच्या कर्करोगाने गेले. हे सर्व मला माहीत होते, आणि तरीही वकील-कक्षात दुपारच्या चहानंतर माझा तळहात आपोआप पुढे होई. पंचशील घेताना आपण मद्याचे नाव स्पष्ट उच्चारतो आणि तंबाखूस मनातल्या मनात सवलत देतो. तुकडा काढल्या दिवसापासून मी ती सोडली आहे. दहा दिवसांच्या त्यागाचा कोणी सत्कार करू नये.

मग या प्रतीक्षेत करावयाचे काय? मी उपाय शोधावयास गेलो तेव्हा एक गंमतीचा योग आला. कॅलिफोर्निया विद्यापीठातील केट स्वीनी या मानसशास्त्रज्ञ बाईंनी प्रतीक्षेवरच संशोधन केले आहे, आणि त्यासाठी त्यांनी निवडले कोण? वकिलीच्या परीक्षेचा निकाल येण्याची चार महिने वाट पाहणारे २३० विधी-पदवीधर! २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात असे दिसले की मन दुसरीकडे गुंतविणे, आशावादी राहण्याची पराकाष्ठा करणे, असे नाना उपाय त्या मंडळींनी केले, पण चिंता त्यांनी फारशी कमी झाली नाही. उलट जे अस्वस्थतेने, वाईटाची शक्यता धरून वाट पाहत राहिले, त्यांना निकाल विरुद्ध गेला तेव्हा अधिक चांगल्या रीतीने पुढची पावले टाकता आली, आणि अनुकूल लागला तेव्हा आनंदही अधिक झाला. हे वाचून मला फार बरे वाटले. चांगले वाट पाहणे म्हणजे शांत वाट पाहणे नव्हे. अस्वस्थ राहण्याची मुभा मिळाली की अस्वस्थतेची धार थोडी बोथट होते, असा माझा तरी अनुभव आहे.

वकील या नात्याने मी दोन्ही बाजूंची तयारी केली. एका वहीत उजव्या पानावर लिहिले, कर्करोग नाही असे आले तर काय करावयाचे: चट्ट्याचा उपचार, किती महिन्यांनी पुन्हा तपासणी, डबी कायमची बंद. डाव्या पानावर लिहिले, आहे असे आले तर: कोणत्या अवस्थेचा, शस्त्रक्रिया लागेल काय, मला बोलता येईल काय. हा शेवटचा प्रश्न लिहिताना माझा हात थांबला. जिभेवर व गालावर ज्याचे पोट आहे त्याला याहून मोठा प्रश्न नाही. परंतु लिहिल्यावर तो प्रश्न रात्री तीन वाजता येईनासा झाला. आता तो वहीत राहतो. शिधापत्रिका, आधारपत्र, जुने कागद एका पिशवीत ठेवले. योजनेच्या रुग्णालयांत ‘आरोग्यमित्र’ नेमलेला असतो, त्यालाच प्रथम गाठावयाचे हे पुतण्यास सांगून ठेवले. एवढे करावयास एक संध्याकाळ लागली. बाकीच्या संध्याकाळी मी काय केले ते विचारू नका. दोनदा विनाकारण मुलावर ओरडलो.

आता थोडे माझ्या धंद्याचे, कारण हे तुम्हांला दुसरे कोणी सांगणार नाही. तुमचा अहवाल ही कोणाची मेहेरबानी नव्हे. वैद्यकीय व्यावसायिकांच्या आचारासंबंधीचे २००२ चे विनियम आजही लागू आहेत. रुग्णाने अथवा त्याने अधिकार दिलेल्या व्यक्तीने वैद्यकीय कागदपत्रे मागितली तर ती ७२ तासांच्या आत दिली पाहिजेत, असे त्यांत म्हटले आहे. मागणी लेखी करा आणि पोच घ्या. तोंडी मागणी वाऱ्यावर जाते, हे मी माझ्या आईच्या बाबतीत शिकलो. तुकडा देताना नोंदवहीतील आपले नाव स्वतः वाचा. वाचता येत नसेल तर वाचणारा बरोबर न्या. नोंद-क्रमांक लिहून घ्या, नाव चुकले तरी क्रमांक चुकत नाही. दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्यावयाचे असेल तर नुसता कागद पुरत नाही, काचपट्ट्या आणि मेणाचे ठोकळे लागतात. तेही मागता येतात.

तसेच, तपासणीस दिलेली संमती ही शस्त्रक्रियेस दिलेली संमती नव्हे. समीरा कोहली यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली हे निःसंदिग्ध शब्दांत ठरविले. त्या बाईंनी केवळ तपासणीसाठी संमती दिली होती. त्या गुंगीत असताना त्यांच्या आईची संमती घेऊन गर्भाशय काढण्यात आले. सज्ञान व्यक्ती शुद्धीवर येईपर्यंत थांबणे शक्य असताना दुसऱ्याची संमती चालत नाही, असे न्यायालयाने म्हटले. ज्या अंगठ्याचा ठसा घ्यावयाचा, त्याच्या मालकिणीस आधी समजावून सांगा, एवढा साधा हा कायदा आहे. आणि खासगी धर्मादाय रुग्णालयांना सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था कायद्याखाली शेकडा १० खाटा निर्धनांसाठी मोफत व शेकडा १० दुर्बल घटकांसाठी सवलतीने ठेवाव्या लागतात. दारावरच्या संगमरवराकडे पाहून परत फिरू नका.

घरातल्या माणसांसाठी एक सांगतो. एका आजारी भिक्खूची शुश्रूषा भगवंतांनी आनंदाला बरोबर घेऊन स्वतःच्या हातांनी केली, ही कथा आपण जाणतो. त्याच प्रकरणात आजारी माणसाचेही कर्तव्य सांगितले आहे: आपला आजार शुश्रूषा करणाऱ्यास आहे तसा सांगणे. माझ्या आईने तो लपविला, कारण ऐकून घेणारा कान आम्ही तिला दिला नव्हता. बायांनो, रक्त जात असेल, गाठ लागत असेल, तर ते लाजेचे नव्हे. आणि पुरुषांनो, तोंड उघडून आपली तीन बोटे उभी आत जातात काय, हे घरी आरशासमोर पाहा. जात नसतील तर डॉक्टरांकडे जा.

वाट पाहणाऱ्याला ‘काही नाही होत’ असे म्हणू नका. ते तुम्हांलाही ठाऊक नसते. माझ्या बायकोने असे एकदाही म्हटले नाही. ती रोज रात्री दहाला कंदिलासारखी ती लहान विजेची बत्ती घेऊन माझे तोंड उघडावयास लावते, जखम पाहते, आणि ‘आज कालच्यासारखंच आहे’ एवढे सांगते. या दहा दिवसांत मला मिळालेला हा एकमेव विश्वसनीय अहवाल होय.

गुरुवारच्या माझ्या तीन तारखा मी पुढे मागून घेतल्या आहेत. अर्जात कारण ‘प्रकृती’ एवढेच लिहिले होते. न्यायाधीशांनी वर पाहिले, काही विचारले नाही, अर्ज मंजूर केला. पुतण्या नको म्हटले, बायको बरोबर येणार आहे. अहवाल तिच्या हाती न देता माझ्या हाती द्यावा, आणि मग आम्ही दोघांनी एकत्र वाचावा, असे ठरले आहे. सकाळी साडेसहाची नांदेडची बस आहे. पुढच्या पौर्णिमेस गायरानाच्या विषयावर मी येईन. आवाज थोडा वेगळा असला तर तेवढे सांभाळून घ्यावे.